केंद्र उघडलं, सुया ठेवल्या, तरी कोणी येत नाही. काय चुकतंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सुईने नशा करणाऱ्यांसाठी तुम्ही चार महिन्यांपूर्वी एक केंद्र सुरू केलंत. मोफत एचआयव्ही तपासणी, समुपदेशन, कंडोम, माहितीपत्रकं आणि नव्या सुया असं सगळं तिथे आहे. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. आसपास अशी शंभर-सव्वाशे माणसं असावीत असा तुमचा अंदाज. आजवर आले अकरा जण, आणि परत आले फक्त दोघे: एक पायावरच्या जखमेची पट्टी बदलून घ्यायला, दुसरा नुसताच पंख्याखाली बसायला. वरिष्ठ दर महिन्याला ‘तपासण्या किती झाल्या’ एवढंच विचारतात. आणि तुम्ही विचारलंय, ‘यांच्यात जागृती कशी करायची?’

मी परिचारिका आहे. या कामात आले ती जखमा धुवायला, आणि वीस वर्षांहून जास्त काळ इथेच राहिले. पुढे लिहिलंय त्यातलं बरंचसं आधी चुकीचं करून मग शिकलेलं आहे.

‘जागृती’ या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण मला अडचण तिथे दिसत नाही. ज्याला टोचून घ्यायला लागून चार-पाच वर्षं झालीत, त्याला सुईतून एचआयव्ही पसरतो हे सांगावं लागत नाही. त्या आजाराने गेलेला एखादा मित्र त्याने पाहिलेला असतो. त्याला कमी पडते ती ऐन वेळी हातात असायला हवी ती कोरी सुई. हेरॉइनचा शेवटचा डोस घेऊन आठ-दहा तास उलटले की अंग मोडून येतं, नाक-डोळे गळायला लागतात, पोटात पिळे पडतात, उलट्या होतात. रात्रीचा दीड वाजलाय, दोघांनी पैसे जोडून माल आणलाय, सुई एकच आहे आणि तुमचं केंद्र सकाळी दहाला उघडणार आहे. त्या घटकेला त्यांनी तुमची सगळी पत्रकं वाचलेली असली तरी फरक पडत नाही.

आता तुमच्या केंद्राकडे त्याच्या बाजूने बघा. दारातून आत आल्यापासून आपण त्याच्याकडून काय काय घेतो? नाव घेतो, पत्ता घेतो, फोन नंबर घेतो, अर्धा तास घेतो, मग बोटातून रक्त घेतो. शिवाय निकाल काय येईल ही भीती, आणि आत शिरताना कोणी पाहिलं तर काय ही दुसरी भीती, या दोन्ही त्याच्याच पदरात. आणि बदल्यात देतो काय? थोड्या सुया आणि एक पत्रक. हा व्यवहार त्याला परवडत नाही, म्हणून तो येत नाही. तो बेफिकीर आहे म्हणून नव्हे. मी नवीन कार्यकर्त्यांना पहिल्या आठवड्यात हाच हिशेब मांडायला लावते: आपण एका भेटीत किती गोष्टी मागितल्या आणि किती दिल्या. सुरुवातीचे काही महिने मागण्याच्या रकान्यात शक्यतो काहीच नसावं.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्याकडे सुया वाटायला कायद्याची परवानगी कोणत्या स्वरूपात आहे, खिशात सुई सापडली तर पोलीस काय करतात, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनच्या जागी देखरेखीखाली दिली जाणारी औषधं) मिळतं का, लोक घरी राहतात की रस्त्यावर, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टोचतात काय. हेरॉइनवाला दिवसातून साधारण तीन-चार वेळा टोचतो. कोकेन किंवा तसलं उत्तेजक टोचणारा एकाच बैठकीत दहा-पंधरा वेळाही टोचू शकतो, कारण त्याची नशा चटकन उतरते. दोघांना सारख्याच सुया देऊन चालत नाही. तेव्हा खालचं वाचताना आकडे आपल्या वस्तीप्रमाणे बदलून घ्या. विचार करण्याची रीत मात्र बहुतेक ठिकाणी लागू पडते.

सुईवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळं तिथेच अडतं.

दिवसाला तीन वेळा टोचणाऱ्याला वर्षाला हजाराच्या वर सुया लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी वर्षाला २०० सुया हे चांगल्या व्याप्तीचं माप ठरवलं होतं आणि २०३० साठी ते ३०० केलं. म्हणजे ते मापसुद्धा खऱ्या गरजेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आता तुमच्या शंभर माणसांना गेल्या चार महिन्यांत माणशी किती सुया पोचल्या ते काढून बघा. हा आकडा काढला की तपासण्या का होत नाहीत हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

कॅनडातल्या व्हँकुव्हरचं उदाहरण मी नेहमी देते. तिथे सुयांचं केंद्र १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून होतं, १९९६ साली तर वर्षाला वीस लाखांहून जास्त सुया वाटल्या जात होत्या. तरीही १९९६-९७ मध्ये त्या शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागात टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची भयंकर लाट आली. वर्षाला शंभरात अठरा-एकोणीस नवी लागण, इतकी. लोकांनी लगेच निष्कर्ष काढला की सुया वाटून उपयोग नाही. प्रत्यक्षात तिथे कोकेन टोचणारे खूप होते, त्यांची गरज अफाट होती, आणि जुनी सुई परत दिली तरच नवी, तीही ठरावीक संख्येत आणि ठरावीक वेळेत, असा नियम होता. पुढे नियम सैल केले, वाटपाची ठिकाणं वाढवली, मागेल तितक्या द्यायला सुरुवात केली. १९९८ मध्ये पाचात एक जण दुसऱ्याची सुई उसनी घेत होता. २००३ पर्यंत हे प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तुमच्याकडे ‘जुनी आणा, नवी न्या’ असा नियम असेल तर तो आजच काढा. जुन्या सुया परत याव्यात म्हणून जाड प्लास्टिकचे डबे द्या, वापरलेल्या सुया गोळा करायला स्वतः जा, पण परतीची अट घालू नका. खिशात वापरलेली सुई घेऊन रस्त्याने चालणं हे अनेक ठिकाणी पोलिसांना आयतं निमंत्रण असतं. परतीची अट म्हणजे त्या माणसाला ते निमंत्रण बरोबर बाळगायला लावणं.

माझी एक चूक सांगते. आमच्याकडे एक जण आठवड्यातून एकदा यायचा आणि चाळीस-पन्नास सुया मागायचा. एका नव्या कार्यकर्त्याने मला विचारलं, आणि मी म्हटलं, ‘त्याच्यापुरत्या दे, तो विकत असेल.’ तो यायचा बंद झाला. दोन महिन्यांनी कळलं की एका पडक्या इमारतीत राहणाऱ्या सात-आठ जणांना तो सुया पोचवत होता. त्यांच्यातलं एकही तोंड आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आमचा सर्वांत चांगला कार्यकर्ता बिनपगारी काम करत होता आणि मी त्याला संशयाने घालवून दिलं. तेव्हापासून कोणी जास्त मागितल्या की आम्ही एकच विचारतो, ‘अजून हव्यात का?’

सुई कोणती, हेही विचारावं लागतं. खरेदी विभाग जी स्वस्त मिळेल ती आणतो आणि वाटलेल्या सुया कचऱ्यात सापडतात. मग ‘यांना सुया नकोच आहेत’ असा अहवाल जातो. बारीक शिरांना बारीक सुई लागते, मांडीतून टोचणाऱ्याला लांब. एक मिलिलिटरची, सुई पक्की बसवलेली इन्सुलिनची सिरिंज असेल तर दट्ट्या पूर्ण दाबल्यावर आत जवळजवळ काहीच रक्त उरत नाही. सुई काढून बदलता येणाऱ्या मोठ्या सिरिंजमध्ये मात्र नळी आणि सुईच्या जोडाच्या पोकळीत बरंच रक्त राहतं, म्हणून ती वाटून घेतली तर धोका कितीतरी जास्त. पण ज्याला मोठीच लागते त्याला लहान देऊन तो बदलत नाही, तो दुसरीकडून जुनी मोठी घेतो. मोठ्या मापाच्याही कमी पोकळीच्या सिरिंज मिळतात, त्या मागवा. सोबत माल शिजवायची वाटी, कापूस आणि निर्जंतुक पाण्याच्या कुप्या द्यायला विसरू नका. सुया वेगळ्या पण वाटी आणि पाणी एकच, असं फार चालतं. एचआयव्हीपेक्षाही हेपॅटायटिस सी त्यातून झपाट्याने पसरतो.

आणि ‘सुई सुकली की विषाणू मरतो’ हा समज मी अनेक डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकला आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की सिरिंजच्या आत उरलेल्या रक्तात, तापमान अनुकूल असेल तर, एचआयव्ही ४२ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. हेपॅटायटिस सीचा विषाणू तर याहूनही जास्त. त्यामुळे कोनाड्यात लपवलेली जुनी सुई महिनाभराने काढून वापरली तर ती सुरक्षित झाली असं समजू नका, कोणाला समजू देऊ नका.

सुयांचं वाटप सुरू झालं तेही अशाच साध्या गरजेतून. ॲम्स्टरडॅममध्ये १९८४ साली एका औषधविक्रेत्याने सुया विकणं थांबवायचं ठरवलं. हेपॅटायटिस बीची साथ येईल ही भीती होती, तेव्हा नशा करणाऱ्यांच्याच ‘जंकीबोंड’ नावाच्या संघटनेने पुढे होऊन शहराच्या आरोग्य खात्याकडून सुया घेतल्या आणि वाटल्या. एचआयव्हीची चर्चा त्यानंतर आली. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: काय हवंय आणि ते कोण पोचवेल, ही दोन्ही उत्तरं त्या लोकांकडेच होती. त्याच दशकात स्कॉटलंडमधल्या एडिंबरात उलटं घडलं. पोलिसांनी सुया जप्त करायला सुरुवात केली, दुकानांनी विकणं बंद केलं, लोक एकत्र जमून हाताला लागेल ती सुई वापरू लागले. दशकाच्या मध्यावर तिथल्या एका दवाखान्यात तपासलेल्या टोचून घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे एचआयव्हीबाधित निघाले. तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगोत तेव्हा हे प्रमाण फार कमी होतं. अमेरिकेत इंडियाना राज्यातली स्कॉट कौंटी तर जेमतेम चोवीस हजार वस्तीची. वर्षानुवर्षं तिथे एचआयव्हीचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचायची लाट आली, सुया वाटायला कायद्याची बंदी होती, आणि २०१५ मध्ये दोनशेच्या आसपास माणसं बाधित झाली. मग आणीबाणी जाहीर करून सुया वाटाव्या लागल्या. तुमच्या वरिष्ठांना ‘आपल्याकडे अजून तेवढे रुग्ण नाहीत’ असं वाटत असेल तर हे उदाहरण त्यांच्यासमोर ठेवा. एकमेकांच्या सुया वापरणाऱ्या टोळक्यात विषाणू एकदा शिरला की तो महिन्यांत पसरतो, वर्षं लागत नाहीत.

इथवरचं एकत्र धरा: त्याच्याकडून मागणं थांबवा, सुया मोजून देणं थांबवा, आणि त्याच्या वेळेला, त्याच्या मापाच्या द्या. आता त्या पोचवायच्या कोणी.

तुम्ही लिहिलंय की तुमचे दोन आउटरीच (वस्तीत जाऊन भेटणारे) कार्यकर्ते समाजकार्याचे पदवीधर आहेत, मनापासून काम करतात, पण अड्ड्यावर गेले की लोक उठून जातात. ते उठून जाणारच. अनोळखी, नीटनेटका माणूस वही घेऊन येतो तेव्हा तो पोलीस तरी असतो किंवा नातेवाइकांनी पाठवलेला तरी. तिथे चालतो तो ओळखीचा चेहरा. शिकागोमध्ये १९८०च्या दशकात वेन वीबेल या समाजशास्त्रज्ञाने त्या त्या गटातल्या जुन्याजाणत्या माणसांनाच कामावर घेतलं, आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. डग्लस हेकथॉर्न याने १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात त्याहून साधी युक्ती केली. पगारी कार्यकर्त्यांच्या जागी प्रत्येक येणाऱ्याच्या हाती तीन-चार कुपनं द्यायची. त्याने ती आपल्या ओळखीच्यांना द्यायची, ते आले की त्याला थोडा मोबदला, आणि त्यांनाही त्यांची कुपनं. कमी खर्चात जास्त लोक आले, आणि जे कधीच कोणाच्या नजरेला पडत नाहीत असेही आले.

ही पद्धत किती दूर जाऊ शकते हे अथेन्सने दाखवलं. २०११ मध्ये तिथे टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही अचानक उसळला. आधी वर्षाला दहा-वीस रुग्ण सापडायचे, ते दोनशेच्या पुढे गेले. २०१२-१३ मध्ये ‘अरिस्टॉटल’ नावाचा कार्यक्रम याच कुपनांच्या साखळीवर चालवला आणि सुमारे सोळा महिन्यांत ३,३०० हून जास्त माणसं तपासली. बाधितांना एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) आणि मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिनच्या उपचारात प्राधान्याने जागा दिली. त्याच सुमारास शहरात सुयांचं वाटपही वाढवलं होतं. नव्या लागणीचा वेग तीन चतुर्थांशाहून जास्त घसरला. म्हणजे तपासण्यांचा मोठा आकडा हवा असेल तर तोही याच वाटेने येतो. त्यांच्यातल्याच माणसाने त्यांना आणलं पाहिजे, आणि आल्यावर हाती काहीतरी पडलं पाहिजे.

पण कुपनं काही ठिकाणी विकली जातात, दादागिरीने काढून घेतली जातात. छोट्या वस्तीत जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे कोणी कोणाला आणलं हे उघड होतं. म्हणून मोबदला लहान ठेवा, कुपनावर नाव नको, आणि पहिली पाच-सहा माणसं वेगवेगळ्या गटांतली निवडा. सगळी एकाच अड्ड्यावरची निवडलीत तर साखळी त्याच अड्ड्यात फिरत राहते.

त्यांच्यातल्या माणसाला कामावर घेताना बहुतेक संस्था एक अट घालतात: नशा पूर्ण सोडलेली हवी. आम्हीही घातली होती. ज्याने आठ महिन्यांपूर्वी सोडली होती अशा एका मुलाला आम्ही रोज त्याच जागी पाठवत होतो जिथे तो पूर्वी बसायचा. तो पुन्हा ओढला गेला, आणि नोकरी जाईल या भीतीने आमच्यापासून लपवत राहिला. इतक्या काळाने शरीराची सवय मोडलेली असते, पण तो जुन्याच मापाने टोचतो. ओव्हरडोसने गेला. त्याचं वय तेवीस होतं. त्यानंतर आम्ही अट बदलली. जो अजून टोचतोय पण दिवसातले दोन-तीन तास नीट काम करू शकतो, त्याला त्या तासांचे पैसे देऊन घेतो. जो सोडतोय त्याला अड्ड्यावर पाठवत नाही, केंद्रात किंवा दवाखान्यात सोबतीला ठेवतो. आणि पैसे देतो, मानधनाच्या नावाखाली चहापाणी नव्हे. रात्री अकराला तीन ठिकाणी फिरून सुया पोचवणं हे काम आहे.

याच कारणाने नॅलोक्सोन तुमच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून हवं. हेरॉइनसारख्या पदार्थाच्या ओव्हरडोसमध्ये श्वास थांबत जातो आणि हे औषध तो परत आणतं. ते कसं द्यायचं हे वीस मिनिटांत शिकवता येतं, आणि द्यायची वेळ येते तेव्हा जवळ बहुधा दुसरा नशा करणाराच असतो. शिकागोत १९९६ पासून ते थेट अशा लोकांच्या हाती दिलं जातंय. ‘हे एचआयव्हीच्या निधीत बसत नाही’ असं उत्तर मला मिळालं होतं. मी आजही सांगते, त्याला फक्त विषाणूपासून वाचवायचं आणि श्वास थांबला तर बघत बसायचं, असा कार्यक्रम लोक मनावर घेत नाहीत. ज्याच्या मित्राला तुम्ही दिलेल्या कुपीने परत आणलं, तो दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन येतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

स्त्रिया तुमच्या अकरामध्ये एकही नाही, आणि तुम्ही लिहिलंय की ‘इथे बायका टोचत नसाव्यात’. बहुधा टोचतात. त्या अड्ड्यावर बसत नाहीत, कारण त्यांना तिथे मार आणि बदनामी दोन्ही मिळतं. बऱ्याच जणींना नवरा किंवा जोडीदार टोचतो: आधी स्वतःला, मग त्याच सुईने तिला. ती दुसरी असते. तिला कोरी सुई देऊन उपयोग नाही, सुई हाती धरणारा दुसराच आहे. तिला स्वतःला सुरक्षितपणे टोचायला शिकवावं लागतं, आणि हे शिकवणं पहिल्यांदा ऐकताना जड वाटतं हे मला ठाऊक आहे. मलाही वाटलं होतं. आमच्याकडे बायका यायला लागल्या त्या एका बाईमुळेच. ती स्वतः टोचत होती आणि तिच्या खोलीवर सुया, सॅनिटरी पॅड आणि गर्भनिरोधक गोळ्या ठेवायला तिने होकार दिला. आमच्या केंद्रात त्यानंतरही वर्षभर एकही आली नाही. त्या तिच्याकडे जात होत्या, तेवढं पुरेसं होतं. मूल असलेल्या बाईचं नाव लिहून घेऊच नका, मूल काढून घेतील ही भीती तिला विषाणूच्या भीतीपेक्षा मोठी असते.

आता तपासणी. ती महत्त्वाची नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही. बाधित माणसाने नियमित एआरटी घेतली, रक्तातला विषाणू दबला, तर त्याचा जीव वाचतो आणि त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. सुईतून होणाऱ्या लागणीचा धोकाही खूप घटतो. पण तपासणी विश्वासानंतर येते. आमच्या एका माणसाने सलग अकरा दिवस हातावरच्या गळवाची पट्टी बदलून घेतली. मी त्याला एकदाही तपासणीचं विचारलं नाही. बाराव्या दिवशी त्यानेच विचारलं, ‘ताई, ते रक्त बघायचं इथेच होतं का?’ सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, काही जण वर्षभर पट्टी बदलून जातात आणि रक्त देत नाहीत. त्यांनाही पट्टी बदलून द्यायची.

तपासणी बाधित आली तर चिठ्ठी देऊन ‘अमुक दवाखान्यात जा’ असं सांगून सोडू नका. सोबत जा. रांगेत त्याच्याबरोबर उभे रहा, कारण तिथे कोणीतरी त्याला ‘आधी नशा सोड, मग औषध’ असं म्हणणार, आणि तो परत फिरणार. नशा सुरू असतानाही एआरटी घेता येते. इंडोनेशिया, युक्रेन आणि व्हिएतनाममध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बाधित टोचून घेणाऱ्यांना असाच सोबतीचा माणूस आणि समुपदेशन दिलं. औषध घेणाऱ्यांची संख्या वाढली आणि मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. तपासणी निर्दोष आली तरी विंडो पीरियड (लागण होऊनही तपासणीत दिसत नाही तो सुरुवातीचा काळ) समजावून सांगा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरवा, आणि नुकतीच दुसऱ्याची सुई वापरली असेल तर ७२ तासांच्या आत पेप (लागण टाळण्यासाठी नंतर घ्यायची औषधं) सुरू करता येतं हे प्रत्येकाला माहीत असू द्या. प्रेपच्या, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या, गोळ्याही उपयोगी आहेत. बँकॉकमधल्या अभ्यासात २०१३ मध्ये टोचून घेणाऱ्यांमधली लागण त्यांनी ४९ टक्क्यांनी कमी झाली. पण ज्याला रोजची सुई मिळत नाही त्याच्यासमोर आधी गोळ्यांची बाटली ठेवू नका.

मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन तुमच्याकडे मिळत असेल, तर तो दुवा जोडण्यात जीव ओता. टोचण्याची गरजच कमी होते. एकत्रित अभ्यासांत अशा उपचारावर असलेल्यांमध्ये एचआयव्हीची लागण निम्म्याहून कमी आढळली आहे. फक्त तो उपचार बक्षीस म्हणून वापरू नका. ‘आधी तपासणी करा, मग मेथाडोनचं बघू’ असं म्हटलं की पुन्हा जुना व्यवहार सुरू होतो.

शब्दांबद्दल एकच. आपल्या भाषेत ‘गर्दुल्ला’, ‘चरसी’ हे शब्द शिवीसारखे आहेत हे सगळ्यांना कळतं. पण तुमच्या रजिस्टरवर ‘व्यसनी क्र. ७’ असं लिहिलेलं असेल तर तेही तो उलटं वाचू शकतो. आम्ही नावाच्या जागी त्याने स्वतः निवडलेली खूण लिहितो: एखादं टोपणनाव, एखादं अक्षर. मोजणी होते आणि वही कोणाच्या हाती पडली तरी कोणी सापडत नाही.

राहिले तुमचे वरिष्ठ. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना दुसरे आकडे द्या. या महिन्यात वेगवेगळी किती माणसं भेटली, त्यातली किती पुन्हा भेटली, माणशी किती सुया पोचल्या, त्यातल्या किती संध्याकाळी सातनंतर, आणि किती जणांच्या मार्फत. सहा महिने हे आकडे चढत राहिले की तपासण्यांचा आकडा त्यांच्यामागून चढतो, हे आलेख काढून दाखवता येतं. तोवर तपासणीमागे कार्यकर्त्याला बक्षीस असली योजना मात्र येऊ देऊ नका. मी ती पाहिली आहे. तेच चार जण महिन्यातून तीनदा तपासले जातात आणि पाचवा पळून जातो.

तुमच्याकडे ते दोघे आहेत, परत आलेले. चार महिन्यांत तुम्हाला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. उद्या तो पायाची पट्टी बदलायला येईल तेव्हा पट्टी नीट, वेळ घेऊन बदला. मग विचारा की काल शेवटची सुई कुठून मिळाली, तेव्हा किती वाजले होते आणि सोबत किती जण होते. पंख्याखाली बसणाऱ्यालाही चहा देऊन हेच विचारा. दोघांची उत्तरं जुळली तर त्या वेळेला, त्यांच्यापैकी एकाला सोबत घेऊन, त्याला विचारूनच, तिथे जा. पिशवीत शंभर सुया, वाट्या, पाण्याच्या कुप्या, नॅलोक्सोन आणि पट्टीचं सामान असू द्या. रजिस्टर केंद्रात ठेवून जा.